रक्तपिपासू नायक आणि जातीचे रक्त

गेली काही वर्षे आपल्या महाविद्यालयांतील मुलामुलींच्या हातात एका वेगळ्या धर्तीची इंग्रजी कादंबरी दिसते. तिचा नायक व्हॅम्पायर असतो. व्हॅम्पायर म्हणजे माणसाचे रक्त पिऊन जगणारे आणि वयाने न वाढणारे पिशाच. शाळेत शिकणारी एक साधी मुलगी त्याच्या प्रेमात पडते आणि हे प्रेम निषिद्ध असते. अमेरिकन लेखिका स्टेफनी मेयर यांच्या २००५ सालच्या 'ट्वायलाइट'ने या प्रकाराला जगभर वाचक मिळवून दिला. हे बाजारू वाङ्मय म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण जातीच्या मुलखात वाढणाऱ्या मुलांना निषिद्ध प्रेमाची ही कथा आपली का वाटते, आणि ती खरोखर आपली आहे काय, हे तपासलेच पाहिजे.

व्हॅम्पायर मुळात सरंजामदार. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतील ड्रॅक्युला हा गढीत राहणारा उमराव आहे. मार्क्सने श्रमिकांवर जगणाऱ्या भांडवलाला याच पिशाचाची उपमा दिली होती. 'ट्वायलाइट'मध्ये हा शोषक देखणा, श्रीमंत आणि संयमी तरुण होऊन येतो. एडवर्ड दिसतो सतरा वर्षांचा. पण १९१८ च्या साथीत मरणपंथाला लागला असताना तो व्हॅम्पायर झालेला आहे. माणसांऐवजी तो जनावरांचे रक्त पितो, एवढाच त्याचा मोठेपणा. बेला ही सतरा वर्षांची मुलगी त्याच्यावर भाळते. २००८ साली आलेल्या चौथ्या भागात ती स्वतः व्हॅम्पायर होते आणि त्याच्या कुळात सामावून जाते. म्हणजे निषेध मोडत नाही. मुलगी आपले रक्त टाकून वरच्या रक्तात जाते.

आपल्या धर्मशास्त्राच्या भाषेत याला अनुलोम म्हणतात. वरचा पुरुष आणि खालची स्त्री हा संबंध मनुस्मृतीने कमी प्रतीचा मानला, तरी सहन केला. उलट शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांच्या संततीला तिने चांडाळ ठरवले. म्हणून प्रेम निषिद्ध आहे एवढे सांगून भागत नाही. ते कोणत्या दिशेने निषिद्ध आहे, हे विचारावे लागते.

'ट्वायलाइट'मध्ये बेलावर प्रेम करणारा दुसरा तरुणही आहे. तो जेकब, क्विल्यूट या आदिवासी जमातीचा. ही जमात काल्पनिक नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, समुद्रकाठी ला पुश येथे ती आजही राहते. १८८९ साली ही माणसे मजुरीसाठी बाहेर गेली असताना त्यांचे गाव जाळण्यात आले. त्यांचेच तरुण कादंबरीत लांडगे होतात! गोरा, धनाढ्य पिशाच प्रियकर ठरतो आणि गरीब आदिवासी पशू ठरतो. मुलगी कोणाच्या पदरात पडते, हे पाहिले की या कथेतील बंड किती वरवरचे आहे हे कळते.

याहून महत्त्वाचा फरक पुढेच आहे. कादंबरीत धोका प्रियकराच्या दातांत आहे. तेथे रक्ताचा भेद कथेपुरता तरी खरा आहे. जातीचा भेद निसर्गाने केलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले, की जातीअंतर्गत विवाह हाच जातीचा प्राण आहे, आणि तो टिकवण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी राबवल्या गेल्या. थोडक्यात, जात वयात येणाऱ्या मुलीवरील पहाऱ्यावर उभी आहे. म्हणून आपल्याकडे धोका प्रियकराकडून येत नाही. तो मुलीच्या बापभावांकडून आणि त्यांच्यामागे उभ्या राहणाऱ्या गावाकडून येतो.

जानेवारी २०१३ मध्ये नगर जिल्ह्यातील सोनई येथे मेहतर समाजातील तिघांची हत्या झाली. २८ एप्रिल २०१४ रोजी त्याच जिल्ह्यातील खर्डा येथे, वरच्या जातीतील मुलीशी बोलतो या संशयावरून, सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारून टाकण्यात आले. बेला आणि एडवर्डच्याच वयाचा हा मुलगा. साक्षीदार फिरले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) या चित्रपटांत प्रतिलोम प्रेमाचे हेच वास्तव आहे. त्यांत पिशाच नाही. रक्त मात्र आहे.

आमच्या उचगावला लागून असलेल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. आज कायदे अनेक आहेत. पण ते मुलांना कोणी सांगत नाही. लग्नासाठी मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षे पूर्ण हवीत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते आणि घरच्यांना सुगावा लागतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अशी पूर्वनोटीस नाही. तो बौद्धांनाही लागू आहे. अशा जोडप्यांना संरक्षण आणि सुरक्षित निवारा देण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिले आहेत. आणि मुलगी अठराच्या आत असेल, तर तिची संमती असूनही २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली मुलगा तुरुंगात जाऊ शकतो. हे सारे शिक्षकांनी वर्गात सांगितले पाहिजे, कार्यकर्त्यांनी वस्तीत सांगितले पाहिजे.

मुलांच्या हातातून पुस्तके काढून घेण्याची गरज नाही. पहारा वाढवणे हे तर जातीचेच काम झाले. ती कादंबरी त्यांना वाचू द्यावी, तिच्याशेजारी बाबासाहेबांचा निबंध ठेवावा आणि दोनच प्रश्न विचारावेत : ही बंदी कोणी घातली, आणि ती मोडली तर मरते कोण?