देऊळ कुणाच्या पैशातून उभं राहिलं?



दिवाळीनंतर आपल्या ग्रामसंघाच्या 19 जणी वेरूळला जाऊन आल्या. अभ्यासदौरा म्हटलं की आपण शेळीपालन नाहीतर मसाला युनिट बघायला जातो. या वेळी बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "मॅडम, दर वेळी शेळ्याच काय बघायच्या? घृष्णेश्वराला जाऊ. मी चारदा गेले, पण दर्शन घेतलं, प्रसाद घेतला, गाडीत बसले. देऊळ कुणी बांधलं ते काही मला माहीत नाही."

खरं सांगते, मलाही फारसं माहीत नव्हतं. म्हणून जायच्या आधी आठ दिवस मी वाचून काढलं. त्यातलं जे कळलं आणि तिथे गेल्यावर जे बोलणं झालं, ते ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे.

बाईच्या नावाचा देव

वेरूळचा घृष्णेश्वर हा बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. त्याला घुश्मेश्वर असंही म्हणतात. हे नाव एका बाईवरून आलं आहे. शिवपुराणातली गोष्ट अशी: देवगिरीच्या डोंगराजवळ सुधर्मा नावाचा ब्राह्मण राहत होता. त्याची बायको सुदेहा. तिला मूल नव्हतं. लोकांच्या बोलण्याला कंटाळून तिने स्वतःच आपल्या धाकट्या बहिणीचं, घुश्मेचं, नवऱ्याशी लग्न लावून दिलं. घुश्मा रोज मातीची 101 शिवलिंगं करायची, पूजा करायची आणि तळ्यात सोडायची. तिला मुलगा झाला. घरात तिचा मान वाढला, सुदेहाचा कमी झाला. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्नही झालं. मग एका रात्री सुदेहाने त्याला मारलं आणि त्याच तळ्यात टाकलं.

घुश्मेने दुसऱ्या दिवशीही पूजा चुकवली नाही. तळ्यावरून परत निघाली तर मुलगा जिवंत समोर उभा. शंकर प्रकट झाले आणि सुदेहाला शिक्षा द्यायला निघाले. घुश्मा म्हणाली, तिला माफ करा आणि तुम्ही इथेच राहा.

ही गोष्ट मी एसटीत सांगितली. मला वाटलं, सगळ्या घुश्मेच्या भक्तीबद्दल बोलतील. पण मागच्या सीटवरची एक ताई म्हणाली, "सुदेहाने केलं ते वाईटच. पण मूल नाही म्हणून तिला इतकी वर्षं कोण काय काय बोललं असेल, ते कुणी लिहिलं का?" गाडीत थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. आपल्यातही अशा जणी आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं.

राणीचा उपास आणि राजाचा ताम्रपट

आम्ही आधी लेणी बघितली. वेरूळला 34 लेणी आहेत: 12 बौद्ध, 17 हिंदू, 5 जैन. तिन्ही धर्मांची लेणी एकाच डोंगरात, शेजारी शेजारी. 16 नंबरचं लेणं म्हणजे कैलास मंदिर. आपण घर बांधताना पाया आधी घालतो आणि स्लॅब शेवटी. इथे उलटं झालं आहे. कारागिरांनी डोंगराच्या माथ्यावरून सुरुवात केली आणि खाली खाली कोरत आले. आधी कळस, शेवटी पाया. दगडावर दगड ठेवलेला नाही, नको असलेला दगड काढून टाकला आणि उरलं ते देऊळ.

असं उलटं का, याचीही एक जुनी गोष्ट आहे. राजा आजारी पडला. राणीने घृष्णेश्वराला नवस बोलला की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचा कळस दिसेपर्यंत जेवणार नाही. राजा बरा झाला. आता देऊळ बांधायला तर वर्षंच्या वर्षं लागणार. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर म्हणाला, मी वरून सुरू करतो, आठवड्यात कळस दाखवतो. राणीचा उपास सुटला.

आता लेखी पुरावा बघा. राष्ट्रकूट घराण्याच्या एका ताम्रपटात, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या दानपत्रात, या देवळाचं श्रेय राजा पहिला कृष्ण याला दिलं आहे. तो आठव्या शतकातला राजा. उपाशी राणी गोष्टीत आहे, ताम्रपटात ती नाही.

मी हे सांगितलं तेव्हा आमच्या एका गटाच्या सचिव ताई हसल्या. "म्हणजे इतिवृत्तात नाव नाही तर बाई हजर नव्हती असं धरायचं!" त्या स्वतः दर बैठकीत सह्या घेतल्याशिवाय कुणाला उठू देत नाहीत. त्यामुळे मुद्दा त्यांना लगेच कळला. गोष्ट आणि नोंद दोन्ही ऐकाव्यात, पण दोन्हीतला फरक ओळखावा.

दोन सासू-सुना

दुपारी आम्ही घृष्णेश्वराला आलो. देऊळ लाल दगडाचं आहे. शिखराकडे मान वर करून बघा, देवांच्या मूर्ती कोरलेल्या दिसतात. पुरुषांना शर्ट-बनियन काढूनच गाभाऱ्यात जावं लागतं. आपल्याला तशी अट नाही, लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं.

हे स्थान जुनं असलं तरी देऊळ अनेकदा पडलं आणि पुन्हा उभं राहिलं. वेरूळ हे भोसल्यांचं गाव. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी इथला जीर्णोद्धार केला. पुढे अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई आणि त्यांच्या सून अहिल्याबाई यांनी काम केलं. आज आपण बघतो ते देऊळ या दोघींच्या काळातलं. गावातलं शिवालय तीर्थ, म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचं मोठं कुंड, तेही अहिल्याबाईंचं. कुंडात उतरताना बाजूला छोटी आठ देवळं लागतात.

आता मुख्य प्रश्न. पैसा कुठला?

होळकरांच्या कारभारात दोन हिशोब वेगळे होते. एक "दौलत", म्हणजे राज्याचा पैसा. त्यातून फौज, कारभार चालायचा. दुसरी "खासगी". 1734 मध्ये पेशव्यांनी काही गावांचं उत्पन्न थेट गौतमाबाईंच्या नावाने लावून दिलं. मल्हाररावांच्या नावाने नाही, त्यांच्या बायकोच्या नावाने. गौतमाबाई 1761 मध्ये वारल्या आणि ही खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली.

अहिल्याबाई 1725 साली चौंडीत जन्मल्या. नवरा 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेला. त्या सती जायला निघाल्या होत्या, सासऱ्यांनी थांबवलं. 1766 ला सासरे गेले, 1767 ला एकुलता एक मुलगा गेला. त्यानंतर 1795 पर्यंत त्यांनी राज्य चालवलं. महेश्वरला विणकर आणून वसवले, त्यांची महेश्वरी साडी आजही विकली जाते. काशीचं विश्वनाथ मंदिर 1780 मध्ये त्यांनीच पुन्हा बांधलं. सोमनाथला देऊळ, ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा त्यांनी केल्या. आणि हे धर्माचं काम त्या खासगीतून करायच्या. दौलतीचा पैसा वेगळा, माझा वेगळा, आणि माझा कुठे लावायचा ते मी ठरवणार.

परतीच्या गाडीत

गाडी निघाल्यावर जिने सहल सुचवली त्या मावशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, गटातून मी 40 हजार उचलले, म्हैस घेतली. शेण मी काढते, धार मी काढते. डेअरीचा पगार मात्र मालकांच्या खात्यावर जातो. हप्ता भरायला मी दर महिन्याला त्यांच्याकडे हात पसरते. म्हैस माझी का त्यांची?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. आमच्या कॉलेजात "महिला सक्षमीकरण" यावर मी वीस पानं लिहिली होती, त्यात हा प्रश्न नव्हता. गटाच्या पुस्तकात मावशींचं कर्ज आहे, परतफेड वेळेवर आहे, गटाला चांगली श्रेणी आहे. कागदावर सगळं बरोबर. पण खासगी नाही.

पुढच्या बैठकीत मावशींनी स्वतः उठून हे सांगितलं. मग एकेक बोलायला लागली. कुणाची शिलाई मशीन, कुणाची पिठाची गिरणी. कर्ज बाईच्या नावावर आणि येणारा पैसा दुसऱ्याच्या हातात, अशा सात जणी एकाच गटात निघाल्या. मावशींनी डेअरीत स्वतःच्या खात्यासाठी अर्ज दिला आहे. मालक चार दिवस बोलले नाहीत. अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे, पण मावशींनी तो मागे घेतलेला नाही.

तुमच्या गटात हे विचारून बघा

1. गटाच्या कर्जातून घेतलेल्या वस्तूची पावती, विमा कुणाच्या नावावर आहे?
2. त्यातून येणारा पैसा कुणाच्या खात्यावर जमा होतो? एटीएम कार्ड कुणाजवळ असतं?
3. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला घरावर तुमचं नाव आहे का?
4. सातबाऱ्यावर? लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज दिला तर पत्नीचं नाव सोबत लावता येतं. तलाठ्याकडे चौकशी करा.

उत्तरं इतिवृत्तात लिहा. कुणाला दोष द्यायला नको, आधी नुसती नोंद होऊ द्या. भांडण होईल असं वाटलं तर ग्रामसंघाच्या दोघी-तिघींनी घरी जाऊन बोलावं, ताईला एकटीला पुढे करू नये.

जायचं असेल तर: छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ साधारण 30 किलोमीटर. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट. लेणी मंगळवारी बंद असतात. लेण्यांपासून घृष्णेश्वर जवळच आहे, आणि शिवालय तीर्थ चुकवू नका. श्रावणात आणि महाशिवरात्रीला फार गर्दी असते. पाणी, भाकरी सोबत घ्या आणि गुडघे दुखणाऱ्यांना लेण्यांत सावकाश चालू द्या.

परत आल्यावर आमच्या मावशी शेजारणीला सांगत होत्या, "अगं, ते देऊळ दोन सासू-सुनांनी बांधलंय, स्वतःच्या पैशातून." चारदा जाऊन आलेल्या मावशींनी हे पाचव्या वेळी सांगितलं.