आयटीआयनंतरचं एक वर्ष

फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. ट्रेड कुठलाही असो, आयटीआयचं प्रमाणपत्र घेऊन कंपनीच्या गेटवर उभ्या राहिलेल्या मुलाला आधी विचारतात ते अनुभवाचं. नोकरीच लागलेली नाही, तर अनुभव आणायचा कुठून?

ही कोंडी फोडण्याची वाट कायद्यात १९६१ पासून आहे. शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके अप्रेंटिस घ्यावेच लागतात. उमेदवाराशी लेखी करार होतो, दरमहा स्टायपेंड मिळतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेतून स्टायपेंडचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. त्यामुळे छोट्या कारखानदारालाही अप्रेंटिस घेणं परवडू शकतं.

प्रश्न आहे तो त्या वर्षात मुलगा काय शिकतो हा. जॉब मशीनवर कसा बांधायचा, मोजमाप कुठे चुकतं, बिघाड आवाजावरून कसा ओळखायचा, हे जुन्या कारागिराशेजारी उभं राहूनच कळतं. पण त्याला वर्षभर पॅकिंगला बसवलं, तर स्वस्तात राबणारे दोन हात एवढीच त्याची किंमत उरते. कायद्याच्या लेखी अप्रेंटिस हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. त्याला ओव्हरटाइमला थांबवायचं तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची परवानगी लागते.

जर्मनीने शिकवणाऱ्याकडेही तितकंच लक्ष दिलं आहे. तिथे अप्रेंटिस आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले व्यवसायशाळेत असतो. असं शिक्षण ३०० हून अधिक व्यवसायांत मिळतं. त्यात बेकरीही येते आणि बँकही. कंपनीत शिकवणाऱ्यालासुद्धा सहसा परीक्षा देऊन पात्रता सिद्ध करावी लागते. उमेदवाराची अंतिम परीक्षा उद्योग किंवा कारागिरांचं चेंबर घेतं, म्हणून ते प्रमाणपत्र देशभर चालतं. तरुणांमधली बेकारी युरोपात सर्वांत कमी असलेल्या देशांमध्ये जर्मनी वर्षानुवर्षं आहे, त्यामागे ही घडीही आहे.

आपल्याकडे वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन, करारात तसं लिहिलेलं नसेल तर, मालकावर नाही. मात्र २०१४ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक आस्थापनेने अप्रेंटिसांना सामावून घेण्याचं स्वतःचं धोरण ठरवायचं आहे. रेल्वेने लेव्हल-१ च्या थेट भरतीतल्या २० टक्के जागा आपल्याकडे शिकलेल्या अप्रेंटिसांसाठी ठेवल्या आहेत. खासगी कंपनीचं धोरण काय, हे मुलांनी आणि पालकांनी करारावर सही करण्याआधी विचारायला हवं. कोणाच्या हाताखाली शिकायचं आणि कोणकोणत्या विभागांत काम मिळणार, हेही त्याच वेळी लिहून घ्यावं.