ब्लूटूथ पेअरिंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इअरफोन, स्मार्टवॉच किंवा श्रवणयंत्र मोबाइलशी जुळेनासे झाले की दोष बहुधा यंत्राच्या माथी मारला जातो आणि पुष्कळदा चांगले उपकरणही निकामी ठरवले जाते. या अडचणींचे मूळ अनेकदा यंत्रातील बिघाडापेक्षा ‘पेअरिंग’ या प्रक्रियेविषयीच्या अपुऱ्या माहितीत असते.

गैरसमज १ : पेअरिंग आणि कनेक्शन म्हणजे एकच.

वस्तुस्थिती : पेअरिंग म्हणजे दोन उपकरणांनी एकमेकांची ओळख पटवून १२८ बिटांची एक गुप्त संकेतकळ, अर्थात पुढील संदेश सुरक्षित ठेवणारी आकडी किल्ली, आपापल्या स्मृतीत साठवणे होय, ते सहसा एकदाच होते. त्या कळीच्या आधारे पुढे वेळोवेळी जो प्रत्यक्ष संपर्क साधला जातो, ते कनेक्शन. त्यामुळे यादीत उपकरणाचे नाव दिसत असले तरी ते त्या क्षणी जोडलेले असेलच असे नाही. ते घरातील दुसऱ्या मोबाइलशी किंवा लॅपटॉपशी आधीच जोडले गेले असण्याचीही शक्यता असते, आणि अशा वेळी तेथील ब्लूटूथ बंद करणे हाच पहिला उपाय ठरतो.

गैरसमज २ : मोबाइलच्या यादीतून नाव काढून टाकले की सारे नव्याने सुरू होते.

वस्तुस्थिती : संकेतकळ दोन्ही उपकरणांत साठवलेली असल्याने ती केवळ मोबाइलमधून पुसली, तर इअरफोन जुन्या कळीवरच विसंबून राहू शकतो आणि दोघांचा मेळ बसत नाही. म्हणून मोबाइलमध्ये ‘अनपेअर’ किंवा ‘फरगेट’ हा पर्याय निवडण्याबरोबरच माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे उपकरणही रीसेट करावे लागते. त्यानंतर उपकरण ‘पेअरिंग मोड’मध्ये, म्हणजे अनोळखी मोबाइललाही आपले अस्तित्व कळवणाऱ्या अवस्थेत, आणावे लागते, कारण केवळ चालू केलेले उपकरण बहुधा आधीच्या ओळखीच्या मोबाइललाच शोधत राहते.

गैरसमज ३ : बटण बंद-चालू केले की ब्लूटूथ पूर्णपणे बंद होऊन पुन्हा सुरू होते.

वस्तुस्थिती : आयफोनवर २०१७ च्या आयओएस ११ पासून कंट्रोल सेंटरमधील बटण बहुतेक उपकरणांचा संपर्क तेवढा तोडते, ब्लूटूथ मात्र चालूच राहते, ते खरोखर बंद करायचे असल्यास सेटिंग्जमध्ये जावे लागते.

गैरसमज ४ : ॲपने लोकेशनची परवानगी मागणे म्हणजे नेहमी हेरगिरीच.

वस्तुस्थिती : आसपासच्या ब्लूटूथ संकेतांवरून वापरकर्त्याच्या ठिकाणाचा अंदाज बांधता येतो, या कारणास्तव अँड्रॉइड ६ ते ११ या आवृत्त्यांत नवे उपकरण शोधणाऱ्या ॲपला लोकेशनची परवानगी घ्यावी लागे, तर अँड्रॉइड १२ पासून जवळपासच्या उपकरणांसाठी वेगळी परवानगी आली. परवानगी सावधपणे द्यावी हे योग्यच. परंतु ती नाकारल्यास संबंधित ॲपला स्मार्टवॉचसारखे उपकरण सापडत नाही, हे लक्षात ठेवावे.

गैरसमज ५ : आवृत्ती वेगळी असेल तर उपकरणे जुळत नाहीत.

वस्तुस्थिती : नव्या आवृत्तीचा मोबाइल जुन्या हेडफोनशी सर्वसाधारणपणे जुळतो, मात्र दोन्ही बाजूंना ज्या सुविधा उपलब्ध असतात तेवढ्याच वापरता येतात.

गैरसमज ६ : उपकरण जवळ असले की संकेतात अडथळा येत नाही.

वस्तुस्थिती : ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते; अनेक वायफाय राउटर याच पट्ट्याचा वापर करतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधून निसटणाऱ्या लहरीही त्यातच येतात. गर्दीचे भाग टाळण्यासाठी ब्लूटूथ सतत वारंवारता बदलत असले, तरी पाणी या लहरी शोषून घेत असल्याने मोबाइल आणि इअरफोन यांच्यामध्ये आलेले मानवी शरीरदेखील संकेत क्षीण करू शकते.

या वस्तुस्थितीतूनच उपायांचा क्रम ठरतो : प्रथम उपकरणाची बॅटरी पुरेशी भारित आहे का ते पाहावे, मग इतर मोबाइलशी असलेला त्याचा संपर्क तोडावा, त्यानंतर दोन्ही बाजूंची जुनी ओळख पुसून पेअरिंग नव्याने करावे आणि शेवटी दुसऱ्या मोबाइलवर उपकरण जोडून पाहावे. दुसऱ्या मोबाइलवरही ते जुळले नाही, तरच बिघाड उपकरणात असल्याचा संशय बळावतो. तोपर्यंत ते टाकून देण्याची किंवा नवे विकत घेण्याची घाई करू नये.