अर्धवट यादीचे काय करावे?

लातूरच्या एका महाविद्यालयातून दोनशे जणांचे गुण नांदेडच्या विद्यापीठाकडे पाठवायचे आहेत, अशी कल्पना करा. संगणक यादी लिहीत असताना कोणीतरी कंट्रोल आणि सी या कळा एकदम दाबल्या. प्रोग्रॅम थांबला; एकशेवीस नावांची यादी मात्र डिस्कवर राहिली. ती दिसते पुऱ्या यादीसारखीच! उरलेल्या ऐंशी जणांनी काय करावे?

आपल्या आज्ञा वाचून संगणकाकडून कामे करवून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे ‘शेल’. १९७९ च्या युनिक्समध्ये स्टीफन बोर्न यांचा शेल आला, त्यात ‘ट्रॅप’ ही आज्ञा होती. प्रत्येक काम संपताना शेलला एक अंक कळवते. शून्य म्हणजे काम फत्ते, दुसरे काहीही म्हणजे बिघाड. (परीक्षेत असे असते तर!) कंट्रोल-सी हा संकेत क्रमांक २. ‘ट्रॅप’ने आधीच बजावून ठेवायचे, की हा संकेत आला तर अर्धी यादी पूस आणि १३० कळवून थांब. १३० का? १२८ मध्ये संकेताचा क्रमांक मिळवण्याची रीत आहे.

संकेत क्रमांक ९ मात्र अडवता येत नाही, आणि वीज गेली तर ‘ट्रॅप’ही चालत नाही. म्हणून यादी आधी तात्पुरत्या नावाने लिहावी. शून्य आला तरच तिला खरे नाव द्यावे.