‘पाहिजे’, ‘करावे’ आणि ‘चालेल’

घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘कार्याला यावे’ म्हटले, तर ती विनंती की आज्ञा, हे त्यांच्या मुद्रेवरून आपण ओळखतो. कागदाला मुद्रा नसते. म्हणून लेखी नियमात एखादी गोष्ट सक्तीची आहे की ऐच्छिक, हे शब्दांनीच ठरावे लागते.

संगणकाच्या जगात ही अडचण रोजची आहे. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे निरनिराळ्या देशांत आज्ञावली लिहितात आणि त्या आज्ञावलींना परस्परांशी बोलायचे असते. त्यांच्यात सामाईक असतो तो एक नियमलेख. तो खुला असतो. कोणीही वाचावा, कोणीही त्याबरहुकूम काम करावे. परंतु ‘करावे’ याचा अर्थ एकाने सक्ती आणि दुसऱ्याने सवलत असा घेतला, तर दोघेही प्रामाणिक असूनही संभाषण तुटते.

यावर इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी एक साधा उपाय केला. मार्च १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी लिहिलेला आर.एफ.सी. २११९ हा छोटा लेख प्रसिद्ध झाला. त्यात शब्दांची वजने ठरवून दिली. ‘मस्ट’ म्हणजे केलेच पाहिजे. तेथे सुटका नाही. ‘शुड’ म्हणजे करावे. सबळ कारण असेल तर सोडता येईल, पण परिणामांचा पुरता विचार करूनच. ‘मे’ म्हणजे केले तरी चालेल, न केले तरी चालेल. मात्र या सवलतीबरोबर एक जबाबदारी येते: ज्याने ती सोय ठेवली नाही, त्यानेही सोय ठेवणाऱ्याशी जुळवून घेण्याची तयारी ठेवलीच पाहिजे. पुढे हेच शब्द साध्या बोलण्याच्या ओघातही येऊ लागले व घोटाळा होऊ लागला. तेव्हा मे २०१७ मध्ये आर.एफ.सी. ८१७४ ने खुलासा केला की, हे शब्द मोठ्या लिपीत असतील तेव्हाच त्यांना हा विशेष अर्थ आहे.

त्या मूळ लेखातच एक इशारा आहे, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. सक्तीचे शब्द जपून वापरावेत. परस्पर व्यवहार चालण्यासाठी किंवा अपाय टाळण्यासाठी जरूर असेल तेथेच. आपली आवडती पद्धत दुसऱ्यांवर लादण्यासाठी ते नाहीत.

सक्ती कोणावर, हेही सांगावे लागते. वेबपानांच्या एचटीएमएल भाषेचे नियम पान लिहिणाऱ्यास वेगळे आणि ते दाखवणाऱ्या ब्राउझरला वेगळे आहेत. लेखकाने चूक करू नये. पण झालीच तर ब्राउझरने ती कशी सावरावी, याचीही रीत लिहून ठेवलेली आहे.

हा प्रश्न आपल्या मराठीपर्यंत येतो. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एक, नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त लावून, दुसरी, साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. ही दुसरी रीत जुन्या २.० आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली आहे. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात; संगणकाला मात्र ती दोन वेगळी अक्षरमालिका वाटतात. शोधणाऱ्या आज्ञावलीने खास काळजी घेतली नसेल, तर समोर असलेला शब्दही तिला सापडत नाही.

‘चालेल’ म्हणणे सोपे असते. पण त्यामुळे दुसऱ्या कोणावर काय ‘केलेच पाहिजे’ येऊन पडते, हे ज्या नियमात लिहिलेले असते, तोच नियम सर्वांच्या उपयोगी पडतो.