मॅडम, मशीन नाही लावणार का?

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना मशीन हवं असतं. गुडघ्याला शेक, पाठीला करंट, जमलंच तर थोडं मालिश. एवढं झालं की पैसे वसूल. मी खुर्ची ओढून समोर बसते आणि ‘सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा’ म्हणते, तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर सरळ शंका दिसते: बाईंना मशीन चालवता येत नाही की काय? नुसत्या बोलण्याचेही पैसे द्यायचे असतात, हे आपल्याकडे अजून पचलेलं नाही. पण गोळी एकदा गिळली की तिचं काम ती करते, व्यायामाचं तसं नसतं. तो पेशंटने घरी करायचा असतो, आम्ही समोर नसताना, कंटाळा आलेला असताना, दुखत असताना. म्हणून समजावून सांगणं हाच आमचा निम्मा उपचार.

सांगली जिल्ह्यात मी वीसेक वर्षं फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते आहे. संध्याकाळी स्वतःचं क्लिनिक आणि सकाळी एका रुग्णालयात इंटर्न मुलामुलींवर देखरेख. साडेचार वर्षांच्या बीपीटी या पदवीतले शेवटचे सहा महिने ही मुलं वेगवेगळ्या विभागांत काढतात. कुठला स्नायू कुठून निघतो, कुठली नस कुठून जाते, सगळं तोंडपाठ असतं. पेशंटशी बोलावं कसं, हा विषय मात्र माझ्या वेळी तोंडी लावण्यापुरता होता. तो शिकवायचं काम ओपीडीच्या बाकावर बसलेली माणसंच करतात, आणि ती फार सावकाश शिकवतात. इंटर्न आणि मुरलेला फिजिओ शेजारीशेजारी काम करताना पाहिले, तर हातात फारसा फरक दिसत नाही. तोंडात दिसतो.

द्राक्षांच्या फळछाटणीचे दिवस होते. तासगावकडच्या एक मावशी, साठीच्या आसपासच्या, दोन्ही गुडघे दुखतात म्हणून आल्या. इंटर्न हुशार मुलगी. तिने प्लास्टिकचा गुडघा हातात घेतला. कूर्चा कुठे असते, ती कशी झिजते, मांडीच्या पुढचा स्नायू कमजोर झाला की सांध्यावर भार कसा येतो, हे सगळं न अडखळता आणि चांगल्या मराठीत सांगितलं. मग सात व्यायाम, प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीनदा. वर चित्रांचा छापील कागद. मावशी ‘व्हय ताई, व्हय ताई’ म्हणत मान डोलावत होत्या. तिचं झाल्यावर मी विचारलं, ‘मावशी, आता घरी जाऊन काय करायचं?’

‘गोळी घ्यायची आन् शेकायचं.’

त्या दहा मिनिटांत गोळीचा उल्लेखही झाला नव्हता.

शेजारच्या टेबलावर आमचे एक ज्येष्ठ सहकारी बसतात, सगळे त्यांना सरच म्हणतात. त्यांनी मावशींना आपल्याकडे बोलावलं आणि प्लास्टिकचा गुडघा टेबलाखाली ठेवून दिला. पहाटे पहिलं काम कोणतं? धारा. म्हशी किती? दोन. बसता कशा, दाखवा बघू. मावशी उकिडव्या बसल्या, आणि उठताना टेबलाची कड धरून ‘आई गं’ म्हणाल्या. दिवसभर? बागेत, मांडवाखाली उभ्यानं. मग सरांनी आवाज जरा खाली आणून विचारलं, ‘आणि मनात काय चाललंय?’ मावशी म्हणाल्या, ‘शेजारणीचं गुडघं बदललं. आता माझं बी बदलायला लागतंय का?’

मावशी इतक्या लांब एसटीने आल्या होत्या त्या या प्रश्नासाठी. तो बाहेर आल्याशिवाय कूर्चेचं व्याख्यान कानात शिरणार कसं?

सरांनी सांगितलं ते एवढंच. ऑपरेशनचं आज काही ठरवायचं कारण नाही, मांडीत ताकद आली की बऱ्याच जणांचं दुखणं उतरतं. धारेला उंच स्टूल घ्यायचं. खाटेवर बसून एकेक पाय समोर ताठ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली घ्यायचा. आणि खुर्चीवरून हाताचा टेकू न घेता उठायचं, बसायचं. केव्हा? धारा झाल्यावर एकदा, रात्री मालिका लागली की एकदा. सुरुवातीला थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीवर आलं तर बिघडलं काही नाही. वाढलेलंच राहिलं किंवा गुडघा सुजला, तर आकडे कमी करायचे आणि येऊन दाखवायचं. मग मावशींकडून हे सगळं वदवून घेतलं आणि दोन्ही व्यायाम करूनही घेतले. सात व्यायामांचा कागद कुणी मागितला नाही.

इंटर्न हिरमुसली. ‘पण मॅडम, सातही व्यायाम पुस्तकात आहेत.’ आहेतच. पण अमेरिकेत १९९९ साली पासष्टीपुढच्या लोकांवर एक छोटा अभ्यास झाला होता. काहींना घरी करायला दोन व्यायाम दिले, काहींना पाच, काहींना आठ. दोनवाल्यांनी आपले व्यायाम आठवाल्यांपेक्षा चांगले करून दाखवले. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी किती लक्षात राहतं यावर केसेल्स या नेदरलँड्सच्या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली लिहिलं, ते तर मी मुलांना पहिल्याच दिवशी ऐकवते: चाळीस ते ऐंशी टक्के माहिती पेशंट लगेच विसरतो, आणि जी राहते तीही निम्मी चुकीची. मावशींची गोळी त्या निम्म्यातली.

अनुभवी फिजिओ वेगळं काय करतात, हे गेल जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बारकाईने पाहिलं. त्यांचा लेख २००० सालचा. आपल्या पेशातल्याच लोकांनी ‘हे खरे जाणते’ म्हणून निवडलेले बारा जण त्यांनी अभ्यासले: हाडांचे, मेंदू-मज्जासंस्थेचे, लहान मुलांचे आणि वृद्धांचे उपचार करणारे. तंत्र सगळ्यांचं चांगलं होतंच. पण ही माणसं पेशंटलाच माहितीचा मोठा साठा मानत होती, आणि काय करायचं ते त्याच्यासोबत बसून ठरवत होती. सर हा लेख वाचायला गेलेले नाहीत. ते वर्षानुवर्षं धारा, छाटणी आणि जावयाची बदली ऐकत बसले, त्यातून तिथेच पोचले.

अनुभवाची वर्षं मोजून भागत नाही, तो कुठे आला हेही बघावं लागतं. वॉर्डात काम केलेला फिजिओ दोन मिनिटांत सांगायला शिकतो. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस टाक्यांच्या भीतीने खोकला दाबून धरतो आणि छातीत कफ साठतो. तिथे फुफ्फुसांची रचना समजावायला वेळ कुणाला आहे? उशी त्याच्या पोटाशी द्यायची, ‘ही घट्ट धरा आणि खोका’ म्हणायचं, आणि आपलाही हात त्यावर ठेवायचा. तालमीतल्या पोरांबरोबर काम केलेला माझा एक मित्र ‘विश्रांती घे’ हे कधीच म्हणत नाही. पैलवानाला विश्रांती सांगितली की तो पुन्हा दिसत नाही. खांदा दुखावला असेल तर जोर बंद, पण बैठका किती मारायच्या ते हा नेमकं सांगतो, आणि पोराला सांगण्याआधी वस्तादांना सांगतो. तालमीत वस्तादांच्या शब्दाला मान आहे, बीपीटीला नाही.

मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवलं ते घरी जाऊन दिलेल्या उपचारांनी. अर्धांगवायूच्या पेशंटला वॉर्डात खुर्चीतून उठायला शिकवलेलं असतं. घरी गेलं की खुर्चीच नसते. खाट इतकी खाली की उठताना गुडघे छातीशी येतात, आणि न्हाणीघराच्या दाराला वीतभर उंबरा. आणि वॉर्डात आपण ज्यांना सगळं समजावलेलं असतं ते थोरले चिरंजीव पुण्याला असतात. आजोबांना उठवणारी असते सून, तिला कुणी काही सांगितलेलंच नाही. ती बिचारी मायेनेच लुळा हात धरून ओढते. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, ओढल्याने सांधा निसटू लागतो, आणि मग खांदा असा ठणकतो की आजोबा व्यायामालाच नाही म्हणतात. म्हणून मी आधी सुनेलाच उभं करते. दुबळ्या बाजूला उभं राहायचं, हात काखेत घालून ओढायचं नाही, कमरेला धरायचं. निजताना लुळ्या हाताखाली उशी द्यायची. खाटेच्या पायांखाली विटा. हे सगळं तिच्या हातून दोनतीनदा करून घेतल्यावरच आजोबांकडे वळायचं. घरच्यांना शिकवणं हे आमचं जुनंच काम आहे. देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघडलं तेच पोलिओच्या साथीनंतर, आणि पोलिओच्या मुलाचे व्यायाम रोज कोण घेणार? आईबापच.

मुरलेल्या माणसाची आणखी एक खूण सांगते. ‘व्यायाम केला का?’ हा प्रश्न तो विचारत नाही, कारण त्याचं उत्तर ‘हो’ असंच असतं. तो म्हणतो, ‘करून दाखवा.’ पाय उचलण्याच्या पहिल्याच झटक्यात कळतं की आठवड्यानंतर आजच उचललाय. त्यावर रागवायचं नाही, अडलं कुठे ते विचारायचं. एमी स्लाइस यांच्या १९९३ सालच्या डच अभ्यासातही हेच निघालं होतं: व्यायाम न करणाऱ्यांच्या बाबतीत आड येत होत्या त्या मुख्यतः तीन गोष्टी. रोजच्या अडचणी, ‘बरं करताय’ असं कुणी न म्हणणं, आणि आपल्या हातात काहीच नाही ही भावना. या तिन्हींवर कुठलंच मशीन चालत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, केस पिकले की सगळं येतं. तसं मुळीच नाही. जुनं सांगणं तोंडात बसलं की ते निघता निघत नाही. ‘मणका झिजलाय, आता आयुष्यभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, खाली बसायचं नाही’ हे तीस वर्षं सांगणारे जाणकार मला माहीत आहेत, आणि त्यांच्याकडे गर्दीही असते. पंचेचाळिशीतला एक शेतकरी त्यांच्यापैकी एकाचं ऐकून नातीला उचलायचा थांबला होता. एमआरआयचा रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो सगळीकडे फिरवत असे. त्याच्याशी बोलली ती आमची एक इंटर्न. तिने २०१५ साली प्रसिद्ध झालेले आकडे त्याच्यापुढे ठेवले. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांतही विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के जणांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसतात. ‘काका, डोक्याचे केस पिकतात तसं आतही थोडं पिकतं,’ असं म्हणून तिने त्याला दोन किलोची पिशवी जमिनीवरून उचलायला लावली. मग पाच किलोची. लोरिमर मोझली आणि डेव्हिड बटलर यांचं वेदना समजावून सांगण्यावरचं पुस्तक २००३ चं. आताची मुलं त्यातलं ज्ञान घेऊनच येतात. त्या दिवशी अनुभव तिच्याकडे नव्हता, पण बरोबर माहिती आणि ऐकून घ्यायची सवय होती. शेतकऱ्याला वाकू नको म्हणणाऱ्या त्या जाणकारांकडे यातलं दुसरं कधी आलंच नव्हतं, कारण पेशंट परत आला नाही की तो बरा झाला असंच ते धरून चालतात.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. सांगितलेलं पुढे काय झालं हे कळलं, तरच सांगणं सुधारतं. आणि इंटर्नना नेमकं तेच कळत नाही. आज ओपीडी, मग आयसीयू, मग बालरुग्ण विभाग. पोस्टिंग बदलली की पेशंट दुसऱ्याचा. सात व्यायामांचा कागद देणाऱ्या मुलीला तो कागद कुठे गेला हे कधीच समजत नाही, आणि पुढच्या पेशंटला ती पुन्हा सातच देते.

म्हणून आम्ही एक वही केली आहे. पेशंट पाहिला की आठवड्याने त्याची परवानगी असेल तर त्याच इंटर्नने फोन करायचा, पोस्टिंग कुठेही असो. काय करताय, काय सोडलं, का सोडलं, एवढंच विचारायचं आणि जसं बोलले तसं लिहायचं. ‘भावकीत लग्न होतं.’ ‘पालथं पडायला जागा न्हाई, घरात पावणे.’ ‘टॉवेलची गुंडाळी सांगितली, ती धुवायला टाकली.’ ‘करत हुतो, मालक हसले.’ ‘दुखायचं थांबलं म्हणून थांबलो.’ तासगावच्या मावशींच्या नावापुढे लिहिलं आहे: ‘खुर्चीचं करते. पाय ताठ करायचा राहतो. म्हैस इकली एक.’ नवी तुकडी आली की प्लास्टिकचा गुडघा हातात मिळण्याआधी ही वही वाचायला लावतो. वाचताना मुलं हसतात. मग दुसऱ्या आठवड्यात त्यांचे स्वतःचे फोन सुरू होतात.