ठिपके वाढले, बॅटरी आटली

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर लाइट गेली की मोबाइलची बॅटरी जपून वापरावी लागते. मग कुणीतरी सल्ला देतो, 'स्क्रीनचं रिझोल्यूशन कमी कर.' सल्ला अर्धाच खरा.

७२० बाय १६०० च्या पडद्यावर साडेअकरा लाख ठिपके असतात, १०८० बाय २४०० वर जवळपास २६ लाख. प्रोसेसरला तेवढे जास्त ठिपके रंगवावे लागतात. एलसीडीत आणखी एक गोम आहे. प्रत्येक ठिपक्यापाशी ट्रान्झिस्टर नि तारा असतात. ठिपके दाटले की त्या मागच्या दिव्याचा उजेड जास्त अडवतात. बारीक जाळीच्या खिडकीसारखंच. मग दिवाच मोठा करावा लागतो. २०१२ च्या आयपॅडमध्ये ठिपके चौपट झाले, तेव्हा बॅटरी २५ वरून ४२.५ वॉट-तासांवर न्यावी लागली. चालायचा तो मात्र तेवढेच दहा तास!

सेटिंगमध्ये रिझोल्यूशन उतरवलं, तरी पडद्यातले ठिपके काही कमी होत नाहीत. हलका होतो तो फक्त प्रोसेसरचा भार, म्हणजे बचत किरकोळच. खरा खादाड आहे उजेड. तेव्हा आधी ब्राइटनेस उतरवा. पडदा ओलेड असेल तर काळी थीमही लावा, त्यात काळा ठिपका विझलेलाच असतो.